पाचव्या उन्हाची नजर

“पिकला नाय तो अजून. पिकल्याबिगर काडायचा नसते. इतकं तरी तुमाला शिकवलं असंल ना कालेजात?”

इझाबेलने हे विचारलं तुळिंजच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, डॉक्टर क्षितिजाबाईंना, आणि तेही डॉक्टरांच्याच खुर्चीत बसून. आत शिरल्यावर जी पहिली खुर्ची चाचपडत हाताला लागली ती तिने धरली होती. डॉक्टरबाई हातात बॅटरी घेऊन उभ्या होत्या. सून मर्सी दाराशी उभी राहून छताकडे बघत होती.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे ते दिवस गेले. आता रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली की काढतात. फार थांबलं तर तो दगडासारखा कडक होतो आणि काढताना त्रास देतो. इझाबेलने सगळं ऐकलं आणि मान हलवली, पण ती मान होकाराची नव्हती. त्रेचाळीस वर्षं राजेळी केळी पिकवलेल्या बाईला पिकणं म्हणजे काय हे सांगायला ही कोण, जी केळी घेते हातगाडीवरून, तीही डझनाने.

ही इझाबेल आमच्या वटारची. वय एकोणसत्तर, सांगताना पासष्ट. घरामागे वाडी, वाडीत राजेळीची शेदीडशे झाडं, आणि वाडीच्या टोकाला बांबूचा मांडव. त्या मांडवावर दर वर्षी पावसाळा सरला की सुकेली होते. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, पिकलेलं राजेळी केळं सोलून उन्हात वाळवायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं, सकाळी पुन्हा पसरायचं. असं सहा-सात दिवस. मग ते मधाच्या रंगाचं होतं, आकसतं, आणि केळीच्या सुक्या पानात बांधलं की महिनोन् महिने टिकतं. आमच्याकडे ते दिवस मोजत नाहीत, उन्हं मोजतात. पाच उन्हं झाली, सहा उन्हं झाली, असं.

कुठल्या उन्हाला केळं उचलायचं, सगळा खेळ त्यावर. बाकीचे लोक केळं बोटाने दाबून बघतात. इझाबेल दाबत नसे. तिच्या मते दाबणं हे नवशिक्याचं काम. ती मांडवाशी उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची आणि म्हणायची, उचला. त्या एका शब्दावर आगाशीचा दुकानदार तिचा माल न बघता घ्यायचा आणि दुकानात पुढच्या फळीवर लावायचा. गावात दुसऱ्या कुणा बाईला हा मान नव्हता, आणि इझाबेल ही गोष्ट कुणाला विसरू देत नसे.

पण गेली दोन वर्षं तिचा माल बुरसत होता. विरारच्या फ्लॅटमधून आशालताबाई म्हणून एक जुनं गिऱ्हाईक पुडकं घेऊन थेट वटारला आलं. पान सोडलं तर आतून पांढरी लव. इझाबेलने त्यांना त्यांच्याच फ्रीजचा दोष सांगून परत पाठवलं, वर आणि फ्रीज कसा पुसायचा तेही शिकवलं. दुकानदाराकडूनही पुडकी परत आली, तेव्हा मात्र फ्रीज पुरेना. मग तिने मर्सीला धरलं. मर्सी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, लग्न होऊन आल्यापासून पुडकी बांधायचं काम तिचं. मर्सीच्या हाताला पाणी सुटतं, त्या ओल्या हाताने माल बुरसतो, असं इझाबेलने आधी घरात ठरवलं, मग चर्चच्या पायरीवर सांगितलं. गावात गोष्ट पसरायला पायरी पुरते. महिनाभरात चर्चमध्ये शांतीच्या खुणेला, म्हणजे शेजारणीचा हात हातात घ्यायच्या वेळी, मर्सी हात पुढे करायची तेव्हा बायका नुसती मान लववायच्या.

मर्सीने एकदा, एकदाच, सांगून बघितलं की केळी आतून मऊ लागतायत, अजून दोन उन्हं द्यायला हवीत. तिला उत्तर मिळालं, “तुज्या माहेरी गॅलरीत कुंडी तरी हाय का?” त्यानंतर मर्सीला पुडक्यांवरून काढून भांड्यांवर लावलं. भांड्यांना बुरशी येत नाही.

या वर्षी दुकानदाराने निरोप पाठवला होता. आधी माल दाखवायला आणा, मी फोडून बघतो, मग ठरवू. फोडून बघतो म्हणाला. त्रेचाळीस वर्षांत असं तोंड कुणी उघडलं नव्हतं. हा हंगाम साधला नाही तर इझाबेलची सुकेली संपली, हे तिलाही कळत होतं. म्हणून तिने यंदा मर्सीला पुडक्यांजवळ येऊच दिलं नाही. रोगावर असा इलाज केल्यावर डोळ्यांकडे कोण बघतो?

डोळ्यांकडे बघायची वेळ आली ती मीटरवाल्यामुळे. विजेचं मीटर बघायला एक मुलगा आला होता, पांढरा शर्ट घालून. इझाबेलने त्याला फादर समजून आत बसवलं, केक खायला घातला आणि मेलेल्या नवऱ्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, मागितला. मुलगा बिचारा पालघरकडचा वारली, त्याने केक खाल्ला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. संध्याकाळी तिचा मुलगा जेन्सन कामावरून आला, त्याने ही गोष्ट ऐकली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून तारीख घेतली.

मग गाव सल्ला द्यायला आलं. सगळ्यांत पुढे क्लेमेंट, तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, वाडीच्या कुंपणापलीकडे राहणारा. त्याचं ऑपरेशन आदल्या वर्षी झालेलं, तेव्हापासून तो डोळ्यांतला मोठा जाणकार. त्याने सांगितलं की डोळा चमच्याने बाहेर काढतात, बशीत ठेवतात, खरवडतात, आणि परत बसवतात. बशी कसली होती तेही सांगितलं, स्टीलची. आणि ऑपरेशन झाल्यापासून आपल्याला शेताच्या बांधावरून चर्चच्या घड्याळातला काटा दिसतो. हे मात्र खरं होतं. जे त्याने सांगितलं नाही ते हे, की त्याला हातातलं लग्नाचं आमंत्रण वाचता येत नाही आणि त्यासाठी लागणारा चष्मा तो सदऱ्याच्या आतल्या खिशात लपवून ठेवतो.

दवाखान्यातली गंमत वेगळी. तिथे एक गोड बोलणारी मुलगी लेन्सचं कार्ड घेऊन बसलेली. साधी लेन्स, परदेशी लेन्स, लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स, त्याहून वरची लेन्स. थाळीच्या हॉटेलात साधी, स्पेशल आणि शाही विचारतात तशा आवाजात ती विचारत होती. तिने इतकंही सुचवलं की आईवर प्रेम करणारी मुलं सहसा तिसरी घेतात. जेन्सन चुळबुळला. इझाबेलने विचारलं, “तुज्या आयशीला कुटली घातली?” मुलगी म्हणाली, माझ्या आईला मोतीबिंदू नाही. “मंग तुना काय ठावं,” असं म्हणून इझाबेलने साधी घेतली.

डॉक्टरबाईंनी मात्र पुन्हा बसवून नीट सांगितलं. साध्या लेन्सने लांबचं दिसेल, जवळच्या कामाला चष्मा लागेल आणि त्याचा नंबर महिनाभराने ठरेल. आधी उजवा डोळा, तो बरा झाला की डावा. पहिले दोन दिवस धूसर दिसेल, डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचेल, पाणी येईल, घाबरायचं नाही. पण डोळा जास्त लाल झाला, दुखायला लागला किंवा दिसणं कमी झालं तर वाट न बघता यायचं. आणि रंग आधीपेक्षा उजळ दिसतील. हे शेवटचं वाक्य इझाबेलच्या कानापर्यंत गेलं आणि तिथून बाहेर पडलं, कारण तेव्हा ती बशी कुठे ठेवलीय ते शोधत होती.

मंगळवारी ऑपरेशन झालं. आदल्याच दिवशी तिने हंगामातला सगळ्यांत मोठा घाणा, म्हणजे एका खेपेची केळी, मांडवावर पसरून घेतला होता, दुकानदाराला दाखवायचा तो. जाताना मर्सीला बजावून गेली, शुक्रवारी पाचवं ऊन होतंय, मी येऊन बघते, मग उचलायचा.

ऑपरेशनला वीसेक मिनिटं लागली. सुई नाही, टाके नाहीत, बशी तर नाहीच. डोळ्यात थेंब घालून तो बधिर केला आणि वरून उजेड सोडला. इझाबेल जागी होती, आणि जागी इझाबेल म्हणजे बोलणारी इझाबेल. डॉक्टरबाईंना तिने दोनदा केळी विकत घेताना फसता कसं ते सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, मावशी, तुम्ही बोललात की डोकं हलतं, डोकं हललं की माझा हात थांबतो. मग ती गप्प बसली. एकोणसत्तर वर्षांत तिच्या अंगावर झालेला सगळ्यांत कठीण उपचार तो.

बुधवारी पट्टी निघाली, डोळा तपासला, ठीक होता. काळा चष्मा लावून ती घरी आली आणि दुपारपर्यंत तिला दिसायला लागलं. पहिला बळी क्लेमेंट. तो खबर घ्यायला आला तेव्हा तिने चष्मा वर करून त्याला नीट बघितलं आणि विचारलं की मिशीला काय फासलंय, आणि हे किती वर्षं चाललंय. क्लेमेंट बसलाच नाही.

मग बाकीचं गाव आलं. आमच्याकडे आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत आणि गप्प बसून परत येत नाहीत. एकीने मध आणला, डोळ्यात घालायला. दुसरीने बकरीच्या दुधाचा बोळा सांगितला. तिसरीने पपई बंद करायला सांगितली, का ते तिलाही माहीत नव्हतं. मर्सीने दवाखान्याचा कागद फ्रीजवर चिकटवला होता. डोळ्यात दिलेल्या थेंबांशिवाय काही घालायचं नाही, डोळा चोळायचा नाही, आठ-दहा दिवस डोक्यावरून आंघोळ नाही, जड उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, झोपताना डोळ्यावर झाकण. ती प्रत्येकीला त्या कागदासमोर उभी करायची. संध्याकाळी प्रार्थनेचा गट आला, रोझरी झाली, आणि गटाच्या पुढारीणबाई ॲनी पवित्र पाण्याची बाटली उघडून शिंपडायला पुढे सरसावल्या. मर्सी मधे आली.

“पवित्र असलं तरी पाणीच आहे, ॲनी मावशी. डोळ्यात नको.”

ओल्या हाताची सून आता देवाचं पाणीही अडवते, हे उद्या पायरीवर जाणार हे सगळ्यांना कळलं. शेवटी इझाबेलने हात पुढे केला आणि कोपरापर्यंत आशीर्वाद घेतला.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास ती काळा चष्मा लावून वाडीत गेली. मर्सी मागून छत्री घेऊन. मांडवाशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, चष्मा काढला.

केळी फिकट होती. मधाचा रंग नाहीच, जेमतेम पिवळट, मधे मधे तर काल सोलल्यासारखी. इझाबेलने आधी मर्सीकडे बघितलं, मग विचारलं की माझा घाणा कुठे गेला. मर्सी म्हणाली हाच तो. इझाबेल म्हणाली, मांडव दिवसा झाकून ठेवला असशील. मर्सी म्हणाली, पाचही दिवस ऊन दाखवलंय, क्लेमेंट काकांना विचारा, ते कुंपणावरून बघत असतात. क्लेमेंट खरोखरच कुंपणावरून बघत होता. त्याने पाच उन्हांची साक्ष दिली, मिशीचा राग बाजूला ठेवून.

मग इझाबेलने उजवा डोळा हाताने झाकला. मांडवावरची केळी मधाळ झाली, जुन्या ओळखीची. हात काढून डावा झाकला. फिकट. पुन्हा उजवा. मधाळ. असं तिने चार-पाच वेळा केलं. कुंपणापलीकडून क्लेमेंटही एक-एक डोळा झाकून बघायला लागला, त्याला काय दिसायचं होतं कुणास ठाऊक.

तिचा निकाल लगेच लागला. लेन्स खराब घातली. साधी होती ना, म्हणून पांढरी दिसते. मांडवावरची दोन केळी तिने रुमालात बांधली आणि मर्सीला रिक्षा आणायला सांगितलं.

तुळिंजच्या दवाखान्यात तेव्हा पंधरा-वीस माणसं बसलेली. इझाबेलने डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आधी खटला तिथेच चालवला. रुमाल सोडून एकेकाला केळं दाखवलं, याचा रंग कुठला, सांगा. रामू नावाच्या एका म्हाताऱ्याने, दोन्ही डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या, सांगितलं की त्याला केळंच दिसत नाही. पण बाकीच्यांनी, धडधाकट डोळ्यांच्या नातेवाइकांनी, एकच सांगितलं. फिकट पिवळा. एका बाईने तर विचारलं, हे कच्चंच वाळवलं का?

डॉक्टर क्षितिजांनी डोळा तपासला. लेन्स जागेवर, डोळा छान. मग त्यांनी टेबलावरचा पांढरा कागद उचलून तिच्यासमोर धरला आणि एकेका डोळ्याने बघायला सांगितलं. उजव्याने कागद पांढरा. डाव्याने तोच कागद चहा सांडल्यासारखा.

“मावशी, लेन्स बरोबर आहे. पिवळा आहे तो तुमचा डावा डोळा. मोतीबिंदू असला की सगळं पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं, आणि तो हळूहळू वाढतो म्हणून माणसाला कळत नाही.”

“किती वर्सं?” इझाबेलने विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या नेमकं सांगता येणार नाही, पण दोन-तीन वर्षं तर सहज. मग त्यांनी डाव्या डोळ्याची तारीख विचारली. इझाबेलने तो कागद पुन्हा एकदा डाव्या डोळ्याने बघितला. मग तिने अगदी धंद्याच्या सुरात विचारलं की डावा आहे तसाच ठेवला तर काय बिघडतं? त्या डोळ्याला सुकेली चांगली दिसते. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या शिक्षणाचं फळ. त्या म्हणाल्या, घाई नाही, पण दोन डोळ्यांनी दोन रंग बघत किती दिवस काढणार?

दोघी परतीच्या रिक्षात बसल्या. मर्सीला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. घासलेली भांडी होती, पायरीवरच्या बायका होत्या, आणि हातात त्या फिकट केळ्यांचा रुमाल होता. ती रस्त्याकडे बघत बसली. हे तिचं मोठेपण असं कुणी म्हणेल, तर म्हणो. बोलून दाखवलं असतं तर सासूला भांडता आलं असतं. आणि भांडणात इझाबेलला हरवलेलं माणूस वटारमध्ये अजून जन्मलेलं नाही.

घरी पोचल्या तेव्हा कुंपणाला क्लेमेंट होताच, आणि त्याच्या शेजारी ॲनी. पवित्र पाण्याचं प्रकरण अजून ताजं होतं, त्यामुळे ॲनीला इकडे काहीतरी काम निघालंच होतं. क्लेमेंटने विचारलं की काय झालं, लेन्स बदलून मिळते का? इझाबेलला सोपं होतं. लेन्स खराब म्हणता आलं असतं. ऊन कमी पडलं म्हणता आलं असतं. मर्सीच्या हाताचं तर आधीच सगळ्यांना पाठ होतं, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मग घाणा गुपचूप अजून दोन उन्हं ठेवायचा आणि दुकानदारासमोर ऐटीत फोडायचा. कुणाला काही कळलं नसतं, मर्सीशिवाय.

ती मांडवापर्यंत गेली, टोकापर्यंत एकदा बघितलं, आणि कुंपणाकडे वळली.

“मागल्या दोन वर्सांचा माल मीच कच्चा उचलला. माजा डोला पिवला होता. मर्सीच्या हाताला काय बी झालेलं नाय.” मग ॲनीकडे बोट केलं. “रविवारी पायरीवर सांग ता. तुज्या तोंडून लवकर पसरते.”

ॲनी म्हणाली आपण कधीच कुणाला काही सांगत नाही. क्लेमेंट एकदम खोकायला लागला.

“आणि आशालताबाईंचा फ्रीज?” मर्सीने विचारलं. दिवसभरातला तिचा पहिला टोमणा, आणि तोही किती हळू.

“त्यो फ्रीज घानच हाय,” इझाबेल म्हणाली. “बाईला दोन पुडकी पाटवून दे.”

माफी वगैरे काही झाली नाही. आमच्याकडे सासवा माफी मागत नाहीत, आणि मागितली तर सुना ती ठेवणार कुठे? इझाबेलने मर्सीला मांडवाजवळ बोलावलं आणि म्हणाली, “दाब.”

मर्सीने एक केळं दाबलं. मग मधल्या रांगेतलं दुसरं, मग कडेचं.

“कडेच्यांना अजून एक ऊन. मधल्यांना दोन.”

“दीड,” इझाबेल म्हणाली, कारण सगळंच कसं मान्य करणार. मग मधल्या रांगेतल्या एका केळ्यावर स्वतःचं बोट टेकवलं, नवशिक्यासारखं, दाबलं, आणि काही वेळ बोट तसंच ठेवलं. “बरं. दोन.”

तिने सुक्या पानांची जुडी ओढायला वाकायची तयारी केली. मर्सीने, वाकायचं नाही, इतकंच म्हटलं आणि जुडी उचलून तिच्या हातात दिली. इझाबेल छत्रीखालच्या स्टुलावर बसली, काळा चष्मा चढवला आणि पानांच्या कडेचे तंतू सोलायला लागली, पुडकी बांधायला. जवळचं दिसत नव्हतं, म्हणून बोटांनीच. थोड्या वेळाने तिने मान वर न करता क्लेमेंटला सांगितलं की त्याची सावली मांडवावर पडतेय, बाजूला हो.